नवसागराचा धूर

“माझ्याच घामानं गेली ते कानाची मशीन,” आई सांगत होती. “कानामागं घाम साचते ना बाई उन्हाळ्यात. कितीही पुसा.”

ऐकणारी बाई आंधळगावची होती. मुलीच्या लग्नाचं आंदण घ्यायला आली होती आणि पाण्याच्या पितळी गुंडावर नाव टाकून हवं होतं. “पहिले तुम्हीच टाकत होत्या ना? माह्या मोठीच्या गुंडावर तुम्हीच टाकलं. अजून जसंच्या तसं आहे,” असं ती म्हणाली होती. आईला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. त्या बाईचं बोट गुंडावरून फिरून आपल्याकडे वळलं एवढं तिनं पाहिलं आणि त्यावरून प्रश्न ओळखला. आता नाव का टाकत नाही, हा प्रश्न दर लग्नसराईत कोणी ना कोणी विचारतंच. उत्तरही चार वर्षं तेच आहे. मी मागच्या फळीवरचे तांबे खाली उतरवून पुसत होते. पुसत राहिले.

मे महिना आला की सगळं भंडारा पंख्याखाली सरकतं. बारा वाजले की भांड्यांच्या आमच्या ओळीत ताडपत्र्या खाली येतात, दुकानांच्या पायऱ्यांवर पाणी मारलं जातं आणि ते पाणी डोळ्यांदेखत वाळतं. मागच्या अंगणांतून ठोक्यांचा आवाज मात्र चालूच असतो. पितळेला ऊन नाही आणि लग्नाच्या तिथीही थांबत नाहीत. चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी माडीवर पंखा बंद करून बसायची. कूलरही बंद. त्याच्या वाळ्याच्या ताट्या कोरड्या पडून खरखरायच्या. माझ्या कामाला हवा चालत नव्हती. सोल्डरिंग आयर्नचं टोक वाऱ्यानं थंड व्हायचं आणि ज्या वस्तू मी झाळायला घेतल्या होत्या त्या एका फुंकरीनं उडून जातील एवढ्या होत्या. तांदळाची कणी असते, तिचाही अर्धा तुकडा. तपकिरी, दोन्ही टोकांना चंदेरी, वर काही लिहिलेलं नाही. कागदावर ठेवून मी त्यांच्याकडे पाहायची तेव्हा श्वाससुद्धा तोंड बाजूला करून सोडायची.

हा नाद शाळेत लागला. जवाहरनगरच्या बाजूच्या इंग्रजी शाळेत मी बसनं जायची. आईचा हट्ट होता तो. बाबांना पितळेच्या दुकानातली मुलगी इंग्रजी शिकून काय करणार हे कधी कळलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही कळलं नाही. माझा आवाज लहान. वर्गात बाई ‘स्पीक अप’ म्हणायच्या आणि मग मला होतं तेवढंही बोलता यायचं नाही. वाचनालयात इलेक्ट्रॉनिक्सचं एक इंग्रजी मासिक यायचं. ते माझ्याशिवाय कोणी नेत नसे. त्यातला सर्किटचा नकाशा समोर ठेवला की कोणाशी बोलावं लागत नाही. तार लागली तर लागते, नाही तर नाही लागत. मी दारावरची घंटा केली, दोन ट्रान्झिस्टरचा रेडिओ केला. बाबा गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे, “आमच्या घरी बाप भांडे झाळते अन् पोरगी तारा झाळते.” लोक हसायचे. मीही हसल्यासारखं करायची.

एका अंकात आलं होतं की बाहेरच्या देशांत आता पाय नसलेले भाग निघाले आहेत. सर्किटच्या पट्टीला भोक पाडून पलीकडून झाळायचं नाही, वरच्या वर ठेवून चिकटवायचे. सरफेस माउंट असं त्याचं नाव होतं. ते मी प्रत्यक्ष पाहीन असं वाटलं नव्हतं. पण मामा आखातात वायरमन होता आणि त्या वर्षी सुटीवर येताना त्यानं दोन वस्तू आणल्या. माझ्यासाठी खिशात मावेल असा, बंद पडलेला टेप. आईसाठी कानामागे बसणारी, ऐकू येण्याची मशीन.

आई नेमकी कधीपासून कमी ऐकू लागली हे घरात कोणाला सांगता येणार नाही. आमच्या ओळीत सगळेच ओरडून बोलतात. ठोक्यांवरून आवाज गेला पाहिजे ना. त्या ओरडण्यात आईचं भागून जायचं. मला मात्र सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं, कारण ओरडून न बोलणारी घरात मी एकटीच. ती माझ्या बोलण्याला नुसती हसायची, मान हलवायची. मला वाटायचं, माझं बोलणं तिला फार काही वाटत नाही. वय वाढलं की मुली आईपासून तुटतात असं मी कुठंतरी वाचलं होतं, तसं झालं असेल. दोन वर्षं मी तिच्यावर मनातल्या मनात रुसून होते. आणि तिला फक्त ऐकू येत नव्हतं.

भांड्यांवर नाव टाकायचं काम आईचं होतं. लग्न होऊन आली तेव्हा आजोबांनी तिचं अक्षर पाहिलं आणि टोकदार छन्नी, बोटभर हातोडी तिच्या हातात दिली. गुंड, कोपर, परात, गंगाळ, सगळ्यांवर ठिपक्याठिपक्यांनी ती नाव टाकायची. लोक समोर बसून नाव सांगत आणि ती खाली मान घालून ऐकत ऐकत ठोकत जायची. ऐकू येईना तेव्हा बाबांनी काही न बोलता गिऱ्हाईक आपल्याकडे वळवायला सुरुवात केली. मामाची मशीन आली आणि ती पुन्हा नाव टाकायच्या आपल्या पोत्यावर येऊन बसली. जेमतेम दोन महिने, तेही जपून, दुकानापुरती लावायची; मी तेव्हा बारावीच्या अभ्यासाला माडीवर असायची. मग एक दिवस आंघोळीला जाताना मशीन कानामागून काढली आणि ती फरशीवर पडली.

नागपूरच्या दुकानदारानं ती उघडूनही पाहिली नाही. “याचे पार्ट इकडं येत नाही,” म्हणाला. मामा तोवर परत गेला होता आणि त्यानं कंपनी बदलली होती. दोन पत्रांना उत्तर आलं नाही. बाबांनी मशीन तिच्या डबीत घालून देवघराच्या कोनाड्यात ठेवली. ते पाहून मला फार वाईट वाटलं. मोडलेल्या वस्तू आमच्याकडे तिथं ठेवत नाहीत; ही त्यांना टाकवली नव्हती.

मी ती माडीवर नेली आणि भिंगाखाली उघडली. आत नखाएवढी पट्टी होती आणि तीवर त्या कण्या. एका जागी दोन चंदेरी ठिपके नुसतेच होते. वरची कणी निसटली होती. ती डबीत नव्हती. मी न्हाणीच्या बाहेरच्या फरशीवर पोट टेकून पडले, टॉर्च जमिनीलगत आडवा धरला. अशा उजेडात धुळीच्या कणाचीही लांब सावली पडते. महिनाभर झाडून झालेली फरशी, तरी दोन फरश्यांमधल्या फटीत ती सापडली. आयुष्यात मला काही सापडल्याचा एवढा आनंद कधी झाला नव्हता, पुढंही झाला नाही.

आधी मामाच्या बंद टेपवर सराव केला. जाड टोकाच्या आयर्नला तांब्याची तार गुंडाळून तिचं टोक पुढं काढलं, सुईसारखं. सोल्डरची तार हातोडीनं चपटी केली. काटे काढायचा चिमटा घेतला. एक बाजू आधी टेकवायची, मग दुसरी. ती टेकवताना पहिली सुटते. सुटली की कणी चिमट्यातून उडते आणि मग पुन्हा टॉर्च, पुन्हा पोटावर. हात थरथरायचा. घाम नाकाच्या शेंड्यावर यायचा आणि मी तो ओढणीनं टिपायची, कारण एक थेंब पडला तर तापलेल्या पट्टीला तडा जाईल अशी भीती.

आई वर यायची. पंखा बंद असलेल्या त्या भट्टीत माझ्याशेजारी बसायची. एका दुपारी तिनं बराच वेळ माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, “करंगळी टेकव.”

मी तिच्याकडे पाहिलं.

“हात हवेत ठेवून काहून काम करून राहिली? करंगळी टेकव टेबलाले. मग मनगट. थरथर तेथंच जिरते.” तिनं माझी करंगळी धरून टेबलावर ठेवली. “अन् श्वास सोडून झाला का मग ठोक.”

“ठोकायचं नाही, आई. झाळायचं आहे,” मी म्हटलं. तिला ते ऐकू गेलं नाही. पण हात थांबला. खरंच थांबला. वीस वर्षं पितळेवर ठिपके पाडताना तिला जे कळलं होतं ते माझ्या मासिकात कुठं लिहिलेलं नव्हतं.

टेपवर जमायला लागलं. मशीनवर मात्र जमेना. त्या दोन चंदेरी ठिपक्यांवर महिनाभरात काळपट पापुद्रा धरला होता. सोल्डर त्यावर बसायचंच नाही. गोळी होऊन घरंगळायचं. राळ लावून पाहिली, घासून पाहिलं. फार तापवलं तर ठिपकाच उखडेल ही भीती. नागपूरला पार्टच्या दुकानात जाऊन विचारता आलं असतं. त्या दुकानाच्या काउंटरवर नेहमी दहा-बारा पुरुष कोपर टेकून उभे असतात. मी एकदा गेले होते. सोल्डरची तार मागितली, तीसुद्धा चिठ्ठीवर लिहून. मी गेले नाही.

मी खाली अंगणात गेले. तिथं किसनकाका कल्हई करत होते. आमच्याकडे ते माझ्या जन्माआधीपासून कल्हई करतात. भात्यावर तापलेलं पातेलं, त्यात नवसागराची चिमूट, पांढऱ्या धुराचा लोट, आणि मग कथलाची कांडी टेकवली की कथील पाण्यासारखं पसरत जातं. कापसाचा बोळा फिरवला की काळं पातेलं चांदीचं होतं. हे मी हजार वेळा पाहिलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा बघत राहिले.

“का पाहून राहिली गं? कल्हई शिकतं का?” काका म्हणाले.

मी हळूच म्हटलं, “थोडा नवसागर द्याल?”

“ने ना. त्याले का विचारतं. डोळ्यात नको जाऊ देजो.”

काडीच्या टोकावर नवसागराच्या पाण्याचा एक ठिपका घेतला. टेकवला. आयर्न लावलं. इवलासा पांढरा धूर निघाला आणि सोल्डर त्या काळपट ठिपक्यावर पातेल्यातल्या कथलासारखं पसरलं. कणी बसली. दुसरी बाजूही बसली. भिंगातून पाहिलं तर दोन्ही सांधे आरशासारखे. मी कापसानं पुसलं, झाकण लावलं आणि खाली पळत गेले.

आईनं मशीन कानामागे बसवली. तिचं बटण सरकवलं. मग ती म्हणाली, “तो नळ कोणी उघडा ठेवला?”

“आई,” मी म्हटलं.

ती माझ्याकडे वळली. “तुहा आवाज बदलला,” ती म्हणाली. “मोठ्या बाईसारखा झाला.”

खरं तर तो दोन वर्षांत हळूहळू बदलला असणार. तिनं एकदम ऐकला.

त्या लग्नसराईत आई रोज आपल्या पोत्यावर बसली. बाबा येईल त्याला सांगायचे, “नागपूरवाल्यानं हात टेकले, माह्या पोरीनं करून दाखवलं.” मला ते नको असायचं आणि हवंही असायचं. कोणी कौतुकानं माझ्याकडे पाहिलं की मी माडीवर पळायची. पण जिन्यात थांबून पुढचं ऐकायची. कधी कोणी माझ्याबद्दल असं मोठ्यानं बोललं नव्हतं.

आणि मी आईशी बोलायला लागले. संध्याकाळी दुकान सावरून ती मागच्या ओट्यावर भाजी निवडायला बसायची, तेव्हा. माझ्या नेहमीच्या आवाजात. एखाद्या मुलीला न ओरडता बोलता येणं म्हणजे काय हे आमच्या ओळीत राहिल्याशिवाय कळणार नाही. कॉलेजमध्ये एकटं वाटतं हे मी तिला सांगितलं. मला कोणी पाहायला येणार म्हटलं की कुठंतरी लपावंसं वाटतं हे सांगितलं. ती म्हणाली, “मलेही वाटत होतं. मी तर मोरीत जाऊन बसली होती.” आम्ही दोघी हसलो.

पाऊस लागला, जुलै उलटला. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचं रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल होतं. परीक्षानळीत पांढरी पूड, खाली बर्नर. इंग्रजीत पूर्ण नाव लिहून, शेजारी सूत्र लिहून, मी नळी तिरपी धरली. पांढरा धूर वर चढला, नळीच्या गळ्याशी थंड होऊन चिकटला. आणि वास आला.

तो वास मी चालायला शिकायच्या आधीपासून ओळखत होते. आमच्या अंगणाचा वास. शेजारची मुलगी नाकाला रुमाल लावत होती आणि मी नळी धरून तशीच उभी होते. बाटलीवरचं ते लांब इंग्रजी नाव आणि किसनकाकांच्या डब्यातला नवसागर ही एकच वस्तू होती. मासिकात एका चौकटीत छापलं होतं की या क्षाराचा इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात वापर करू नये. त्याचा अंश मागं राहतो, हवेतला ओलावा ओढतो आणि तांबं खातो. ती चौकट मी दोनदा वाचली होती. पेन्सिलनं खाली रेघ ओढली होती. माझे इंग्रजी शब्द माडीवर राहायचे. ते खाली अंगणात कधी उतरले नव्हते. अंगणात मला जे ठाऊक होतं तेही जिना चढून वर आलं नव्हतं. एक घर होतं आणि त्यात मी दोन मुली म्हणून राहत होते.

हे चुकून झालं. त्याबद्दल मी स्वतःला माफ केलं असतं. पुढच्या तीन आठवड्यांबद्दल नाही करता आलं.

कारण त्या दिवशी मशीन चालू होती. मी घरी आले तेव्हा आईनं पाठ वळवलेली असतानाच विचारलं, “आली का? भिजली का?” अजून वेळ होता. झाकण उघडायचं, गरम पाण्यानं, स्पिरिटनं धुवायचं, सांधे नव्यानं करायचे. दोन दिवसांचं काम. पण त्यासाठी मशीन तिच्याकडून मागावी लागली असती आणि का ते सांगावं लागलं असतं. मी ठरवलं, रविवारी. रविवारी नागपूरहून बाबांचे ओळखीचे आले आणि बाबांनी त्यांना ती गोष्ट सांगितली. मला खाली बोलावलं. त्यातल्या एकानं माझ्या हातांकडे पाहिलं. मी पुढचा रविवार म्हटलं.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी वाटीत दही घेत होते. पितळेची लहान वाटी. तिच्या काठावर ‘शोभा’ असं नाव आहे. लहानपणापासून मी त्या वाटीत खात आले. कोणा गिऱ्हाइकानं न नेलेली असेल असं धरून चालले होते. त्या दिवशी उगाच विचारलं, “आई, ही शोभा कोण?”

ती भाजी निवडत होती. हात थांबला नाही. म्हणाली, “तुह्या आधीची.”

मग सांगितलं. अकरा दिवस होती. बाराव्या दिवशी नाव ठेवायचं होतं. आईनं आदल्या दुपारी वाटीवर नाव टाकून ठेवलं होतं. बाबांनाही ती वाटी कोणाची ते नीट ठाऊक नाही. बाळंतिणीनं हातोडी धरू नये म्हणून तिनं लपून टाकलं होतं. “कोणाले सांगू नको,” ती म्हणाली. हे सगळं तिनं माझ्याएवढ्या आवाजात सांगितलं. पाऊस पडत होता, पत्र्यावर वाजत होता, तरी आम्हाला एकमेकींचं ऐकू येत होतं.

त्यानंतर मशीन मागायची हिंमतच झाली नाही. दोन दिवसही तिच्या कानावरून ती काढवेना. म्हणजे असं मी स्वतःला सांगितलं. खरं असं आहे की मला बाबांच्या गोष्टीतली मुलगी राहायचं होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मशीन खरखरायला लागली आणि संध्याकाळपर्यंत बंद पडली. मी झाकण उघडलं. माझ्या त्या आरशासारख्या सांध्यांवर हिरवट शेवाळ धरलं होतं. ते पट्टीवरच्या केसाएवढ्या रेघांतून पुढं गेलं होतं. रेघा नव्हत्याच. नुसत्या हिरव्या खुणा. झाळायला काही उरलं नव्हतं. आई माझ्या खांद्यावरून भिंगात डोकावली. तिला भिंग नीट कळतं.

“हिरवं धरलं,” ती म्हणाली. “पितळेले घाम लागला का असंच होते. माझाच घाम.” मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, “तू एवढी मेहनत केली अन् मी खराब करून टाकली. मले सांभाळता नाही आली.”

माझं तोंड उघडलं होतं हे मला आठवतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण आता ते ओरडून सांगावं लागणार होतं आणि खाली बाबा होते, गिऱ्हाईक होतं, किसनकाका होते. मी तोंड मिटलं.

तेव्हापासून आमच्या घरात फक्त ओरडता येण्यासारख्या गोष्टी बोलल्या जातात. जेवण झालं का, पाणी आलं का, कोण आलं. बाकीच्या तशाच राहतात. शोभाचं नाक कोणासारखं होतं हे मी पूर्ण ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात कसं विचारू? आईला वाचता येतं, लिहून सांगता आलं असतं, असं कोणी म्हणेल. मी दोनदा लिहिलं. लिहिताना ते रसायनाच्या उत्तरासारखं व्हायचं, कारणांसकट, मुद्देसूद. वाचून असं वाटायचं की यात माझी काही चूकच नाही. फाडून टाकलं.

बाबांनी दोन वर्षांनी खिशात ठेवायची मोठी मशीन आणायचं काढलं. आई नाही म्हणाली. “दुसरीही जाईन माझ्या घामानं. राहू द्या.” मागच्या वर्षी नागपूरला डॉक्टरांकडे नेलं तर ते म्हणाले, जेवढा उशीर कराल तेवढा मशीनचा उपयोग कमी होत जाईल. त्यांचं बोलणं आईला ऐकू आलं नाही. ती आमच्याकडे पाहून हसत होती. मी पायाखालच्या फरशीच्या फटींकडे पाहत बसले. बाबांनी पुन्हा विषय काढला. ती पुन्हा नाही म्हणाली. मी तिथंच होते.

म्हणजे बिघडवली मी एकदाच. पण ती रोज तिच्या कानावरून काढून घेते आहे. चार वर्षं रोज. आयर्न माडीवरच्या फळीवर आहे. तारेचं टोक काळं पडलं आहे. मी आता एका शाळेत शिकवते. आवाज लहानच आहे. मुलांना मी काही ‘स्पीक अप’ म्हणत नाही.

आज आंधळगावची बाई आली. बाबा तिच्या गुंडावर विजेच्या पेन्सिलीनं नाव टाकत होते. ती पेन्सिल भुंग्यासारखी वाजते आणि तिचं अक्षर वाकडं येतं, हे बाबांनाही दिसतं. बाई आईला खुणेनं म्हणाली, मग दुसरी घ्या ना मशीन. दोन बोटं वर केली, कानाला लावली. आईला ते लगेच कळलं.

“दुसरी घेऊन का करू, बाई,” ती म्हणाली. “माझा घामच तसा आहे. आपल्याच अंगाले आपण का म्हणावं.” आणि हसली. तिनं पदरानं कानामागची जागा पुसली. तिथं काही नव्हतं, तरी पुसली. जणू अजून तिथून काही खराब होईल.

मी हातातला तांब्या फळीवर ठेवला.

“आई,” मी म्हटलं. माझ्या आवाजात. ती त्या बाईकडेच पाहत होती.

“आई,” मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. विजेची पेन्सिल थांबली. बाबांनी मान वर केली. अंगणात किसनकाकांचा भाता थांबला. आई त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून माझ्याकडे वळली. कपाळाला आठी घालून तिनं तळहात कानामागे धरला आणि पुढं वाकली.

ओळीच्या शेवटच्या दुकानात ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हटलं, “घामानं नाही गेली, आई. मीच खराब केली. अन् मले मालूम होतं.”